खुणेचा वेढा

सबनीससाहेबांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही, कंपनीला फसवलं नाही, कंपनीच्या तारेला तर मुळीच नाही. प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत हे लिहून टाकते, कारण माझ्या ओळखीतली माणसं पुस्तक हातात घेतात, दोन ओळी वाचतात आणि चहाला उठतात. त्यांनी निदान एवढं वाचून उठावं. ज्यांना सवड आहे त्यांनी बसावं. मी सगळं सांगणार आहे आणि घाईने सांगणार नाही.

आमचं घर समुद्रकाठच्या मुरबे गावातलं. बाप होडीवर, आय बाजारात, आणि मधलं सगळं माझ्यावर. अंगणात बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत असायचे, त्यांची सावली भिंतीवर कंगव्याच्या दातांसारखी पडायची. घरात एक रेडिओ होता, तो बोलायचा कमी आणि घुमायचा जास्त. बातम्या असोत की गाणी, मागे एक जाडा आवाज सतत हूं हूं करत असायचा. बाप म्हणायचा, समुद्रावरचा वारा आत शिरतो. आम्हाला ते पटायचं. पण घरातला खरा आवाज रेडिओचा नव्हता, आयच्या मोजणीचा होता. ओटीवर फतकल मारून ती बोंबील मोजायला बसली की शेजारच्या बायका आपली बोलणी थांबवायच्या, नाहीतर त्यांचेच आकडे चुकायचे. दोन्ही हातांनी मिळून दोन-दोन उचलायचे, दहा खेपांत वीस. मग एकविसावा एकटाच उचलून टोपलीच्या काठावर आडवा ठेवायचा. वीसपर्यंत तिचा आवाज सरळ चाले आणि एकविसाव्याला वर चढे, "खुणंचाऽ!" शेवटी काठावरचे आडवे मासे मोजले की झालं. पाच आडवे, म्हणजे पाच विशा. आणि हे खुणेचे मासे जायचे कुठे? गिऱ्हाइकाच्या टोपलीत, वरून, फुकट. भावाला आय अशी चिवट की बोईसरच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करून माणसं घामाघूम होत, पण खुणेचा मासा तिने कधी ठेवून घेतला नाही.

लहानपणी मी एकदा म्हटलं, "आये, पण हे एकवीस झाले ना?"

"वीसच झाले."

"एकवीस हायेत. मी बघितले."

"खुणंचा मोजत नाय. मोजलास तं तो खुणंचा कसा? तुला शालेत काय शिकवतात गो?"

शाळेत जे शिकवलं ते मी विसरले. हे विसरले नाही, आणि इथेच माझा घात झाला.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी स्पीकरच्या पेट्यांत बसणारे फिल्टर बनवायची. कंपनीचं नाव लिहीत नाही. पाटी आता दुसऱ्याची आहे आणि आतलं कर्जही बहुधा दुसऱ्याचंच. वाइंडिंग खात्यात आम्ही नऊ जणी. लाकडी दांड्यावर प्लॅस्टिकचं रीळ बसवायचं, एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने तांब्याची तार ताणून धरायची आणि वेढ्याला वेढा चिकटवत जायचं. झाली कॉइल. सबनीससाहेब आमचे इंजिनीअर. पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं, त्यांतलं एक लाल. ते नेहमी म्हणायचे, मासे साफ करणाऱ्या हाताला तार टोचत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या मुली घेतल्या. तार सगळ्यांनाच टोचते. साहेबांनी ती कधी हातात घेतली नाही, म्हणून त्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला फिल्टर म्हणजे काय ते समजावलं. कँटीनमधून चहाची गाळणी मागवली, ती उंच धरली आणि म्हणाले, "मुलींनो, फिल्टर म्हणजे ही. बाकी काही नाही."

मी विचारलं, "साहेब, गाळणीतून चहा खाली येतो, पत्ती वर राहते. मग पेटीतला मोठा स्पीकर चहा की पत्ती?"

माझ्या शेजारी बेटेगावची यमुना बसायची. ती पदर तोंडात कोंबून हसली. साहेब म्हणाले, "नीरा, तू फार बोलतेस," आणि गाळणी खाली ठेवून फळ्याकडे वळले. त्यांनी पुढे जे सांगितलं ते मात्र चांगलं सांगितलं, उगाच का खोटं बोलू. पेटीत तीन स्पीकर. मोठ्याने ढोल वाजवायचा, लहानाने झांज, मधल्याने माणसाचा गळा. गाणं येतं ते सगळं एकाच तारेतून, मिसळलेलं. आमची कॉइल जाड आवाजाला जाऊ देते आणि बारीक आवाजाला अडवते, ती मोठ्या स्पीकरच्या दारावर. कंडेन्सर हा दुसरा भाग नेमका उलटा, बारीक सोडतो आणि जाड अडवतो, तो लहानाच्या दारावर. दोघे मिळून उभे केले की जाडही अडतं, बारीकही अडतं आणि फक्त मधलं आत जातं. आणि दोघांची मांडणी बदलली की चौथा प्रकार होतो, सगळं सोडायचं आणि मधला एकच आवाज अडवायचा. "म्हणजे रेडिओची घरघर तेवढी काढायची, गाणं ठेवायचं," साहेब म्हणाले. आमच्या रेडिओत समुद्राचा वारा शिरत नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी हे आयला सांगितलं. ती होडीवरून आलेला ढीग उपसत होती. मोठे मासे व्यापाऱ्याच्या पाटीत, बारीक जवळा-करंदी वाळवायच्या पाटीत, मधले उद्याच्या बाजाराला. केंड मासा आला की तो विषारी, तेवढा एकटा उचलून दूर फेकायचा. ती हात न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "मंग गाळणी कशाला दाखवतो तो? हे तं निवडणं हाय. गाळणीला डोकं नसतं." पुढे मी कितीतरी जाड पुस्तकं चाळली, इतकं नीट कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

मुंबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने परदेशी पेटी पाठवली. अगदी असाच फिल्टर पाहिजे, म्हणाले. साहेबांनी पेटी फोडली, मोठ्या स्पीकरची कॉइल काढली, मीटर लावून तिचा गुण लिहून घेतला आणि मला बोलावलं. ती उसवायची आणि वेढे मोजायचे. समोर बसून ते स्वतः मोजणार होते, पण फोन आला, मग चहा आला, मग कंपनीचे शेठ आले. मी आपली दांडा उलटा फिरवत होते. वीस झाले की टेबलावर एक चिंचोका ठेवायचा. चिंचोका उचलून ठेवेपर्यंत दांडा एकदा फिरायचाच. तो वेढा खुणेचा. तो मोजायचा नाही. हे मी ठरवून केलं का? तुम्ही जेवताना घास उजव्या हाताने घेता, ते ठरवून घेता का? साहेब परत आले तेव्हा टेबलावर दहा चिंचोके होते. त्यांनी "विसाला एक ना?" असं विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्यांनी कार्डावर लिहिलं: वेढे दोनशे. खाली सही केली. झोकदार सही होती.

मग आम्ही नऊ जणी त्या कार्डावरून कॉइली गुंडाळायला लागलो. मोजायची पद्धत मीच सगळ्यांना शिकवली. समोर वाटीत दहा चिंचोके, वीस झाले की एक बाहेर, दांडा फिरता ठेवूनच. दहा बाहेर आले की कॉइल पुरी. पहिली कॉइल साहेबांनी मीटरला लावली तर काटा परदेशी कॉइलीच्या जागेवर जाऊन उभा. साहेबांनी शेठना बोलावून दाखवलं. शेठनी पेढे वाटले. पेढा आम्हालाही मिळाला, दोघींत एक.

पुढची दोन वर्षं एकही पेटी परत आली नाही. परत आला तो स्टोअरचा हिशेब. तारेच्या एका रिळातून जेवढ्या कॉइली निघायला हव्यात त्यापेक्षा कमी निघतात, असं कोणाच्यातरी लक्षात आलं. साहेबांनी कागदावर आकडेमोड केली. दोनशे वेढ्यांना इतकी तार, इतक्या कॉइलींना तितकी, आणि उरलेली गेली कुठे? तांबं म्हणजे भंगारवाल्याच्या दारात नगद. एवढ्या मोठ्या कंपनीत, इतक्या शिकलेल्या माणसांत, तराजू घेऊन एक कॉइल तोलून बघावी असं एकालाही सुचलं नाही. त्यांनी आमचे डबे तोलले.

गेटवर टेबल आलं. सुटताना बायकांची वेगळी रांग. पहारेकरी उत्तरेकडचा, मुळात भला माणूस, मान खाली घालूनच म्हणायचा, "दीदी, डिब्बा खोलो." डबा उघडायचा, अंबाडा सोडायचा, पिशवी उलटी करायची. पुरुषांना अंबाडा नव्हता, म्हणून ते सुटले. साहेबांची गाडी तर भोंगा वाजवतच निघून जायची. फळ्यावरचे चार प्रकार आम्हाला पाठ होते. यमुना माझ्या कानात म्हणाली, "जाड ते सोडायचं नि बारीक ते अडवायचं. कॉइलच हाय ना गो ही?" रांगेत हसू फुटलं आणि दुसऱ्या दिवसापासून गेटला आम्ही कॉइलच म्हणू लागलो.

तिसऱ्या दिवशी माझा डबा अडकला. त्याची कडी कधीची तुटलेली. झाकण पडू नये म्हणून मी खात्यात जमिनीवर पडलेला तारेचा वीतभर तुकडा घेऊन बांधलं होतं. त्या दिवशी केर काढताना तसले ओंजळभर तुकडे कचऱ्यात गेले असतील. पहारेकऱ्याने तुकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, सोडून देणार होता. तेवढ्यात साहेब मागून आले.

"हे काय?"

"डब्याची कडी, साहेब."

"कंपनीची तार."

"कंपनीचा केर, साहेब."

"केरसुद्धा कंपनीचाच असतो, नीरा."

माझं डोकं तापलं. माझं डोकं तापलं की मी गप्प बसत नाही, हा माझा दोष आहे आणि मी तो कधी नाकारलेला नाही. मी डबा त्या टेबलावर पालथा केला. आत सुक्या बोंबलाची चटणी आणि अर्धी भाकर होती. "घ्या तोलून," मी म्हटलं, "बोंबलाच्या काट्यातही तार असेल." चटणी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. शर्टाचं त्यांना अजून वाईट वाटत असणार. त्यांनी गेटचं रजिस्टर ओढून घेतलं आणि लाल पेनाने लिहिलं: वाइंडिंग कामगार नीरा, तांब्याची तार चोरताना सापडली. खाली तीच झोकदार सही. मला उद्यापासून येऊ नको म्हणाले.

नोकरी गेली त्याचं मला एवढं नव्हतं. दोन हात होते, नोकऱ्या पुष्कळ होत्या. पण बोईसरचा बाजार तो केवढा आणि कंपनीच्या बायका भाजी-मासे घ्यायच्या तिथेच. आठ दिवसांत आयच्या पाटीपुढे उभी राहून एक बाई म्हणाली, "मावशी, नीट मोजा हां, आम्ही पुन्हा मोजून घेणार." माझ्या आयला! जिने आयुष्यभर विसावर एक फुकट दिला तिला! बाईने घरी नेऊन मोजले असतील तर तिला जास्तच मिळाले असतील, पण ते सांगायला कोण परत येतं? त्या दिवशी आय पाटी घेऊन लवकर घरी आली आणि उरलेले बोंबील ओटीवर ओतून माझ्यापुढे ढकलले. "मोज," म्हणाली. "माझे हात आज खोटे झालेत."

मी मोजायला बसले. अठरा, वीस, खुणेचा. अठरा, वीस, खुणेचा. आणि चौथा मासा काठावर आडवा ठेवताना माझा हात तिथेच राहिला. विसावर एक. दोनशेवर दहा. साहेबांची हरवलेली तार साहेबांच्याच कॉइलीत गुंडाळलेली होती. ती परदेशी कॉइल मुळात दोनशे दहाची. मी ती माझ्या पद्धतीने उसवली, माझ्याच पद्धतीने पुन्हा बांधली, म्हणून काटा जागेवर आला. कंपनीत चोर नव्हताच. होती ती माझ्या आयची मोजणी.

"आये," मी म्हटलं, "खुणेचा मोजतात. कधीकधी मोजायला लागतो."

ती म्हणाली, "मंग त्या मेल्याला जाऊन सांग."

मी गेले नाही. मी बाजारात वाढलेली. गिऱ्हाईक पाटीशी येतं, पाटी गिऱ्हाइकाशी जात नाही. आणि गिऱ्हाईक आलं. माझ्यामागे बाकीच्यांवर भरवसा नको म्हणून कंपनीने वेढे मोजणारं यंत्र आणलं. यंत्र अत्यंत प्रामाणिक. दोनशे म्हटलं की दोनशे. त्याला आय नव्हती. महिन्याभरात पेट्या परत यायला लागल्या. मोठा स्पीकर ढोलाबरोबर गायलाही लागला होता; दारावरची कॉइल उणी पडली की अडवायचे ते आवाज आत घुसतात. मुंबईच्या गिऱ्हाइकाने कळवलं, की तुमच्या पेटीत गायिका विहिरीत पडल्यासारखी वाटते. साहेबांनी आधी प्लॅस्टिकच्या रिळाला दोष दिला, मग तारेवरच्या लाखेच्या लेपाला, मग बोईसरच्या विजेला, शेवटी समुद्राच्या खाऱ्या हवेला. कंडेन्सर बदलून बघितले, तर मधला स्पीकर बिघडला. कार्डाला तेवढा कोणी हात लावला नाही. कार्डावर सही होती.

यमुना निरोप घेऊन घरी आली. "साहेब म्हणतो, येऊन एक कॉइल बांधून दाव. जुन्यासारखी."

"नि रजिस्टर?"

"ते तू त्याला विचार."

गेले. हातात माझे दहा चिंचोके. साहेबांनी खुर्ची पुढे केली, हे पहिल्यांदाच.

"बस, नीरा. चहा घेतेस?"

"चहा नको. गेटचं रजिस्टर मागवा."

"आधी कॉइल."

मी बांधली. यमुना शेजारी उभी होती. मीटर लावला, काटा जाऊन जागेवर उभा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय केलंस तू?"

"ती ओळ खोडा. गेटवर, सगळ्यांसमोर, लाल पेनाने. मग सांगते."

"अगं, खोडतो की. मी नाही म्हटलं का? पण आधी कारण कळल्याशिवाय मी शेठना काय सांगू? कारण लिहावं लागतं. तू सांग, मी दोन्ही एकदमच लिहितो."

आणि मी सांगितलं. पुढे मी भंगारवाल्यांशी, तारेच्या दलालांशी, बँकेच्या मॅनेजरशी घासाघीस केली आणि एकदाही हरले नाही. पण त्या दिवशी, एकवीस वर्षांची, खुर्ची मिळाली म्हणून भुललेली मी, माल आधी देऊन बसले. चिंचोके मांडून दाखवले. साहेबांनी कॉइल उसवायला लावली, या वेळी फोन आला तरी उठले नाहीत, आणि स्वतः मोजली. दोनशे दहा. ते हसायला लागले. "म्हणजे माशासारखं मोजलंत! कमाल आहे!" मग कार्ड घेऊन दोनशेवर एक बारीक रेघ मारली, वर दोनशे दहा लिहिलं, खाली सही केली.

"आता रजिस्टर," मी म्हटलं.

"ते शेठच्या कपाटात असतं. पुढच्या आठवड्यात ये."

मी चिंचोके त्यांच्या टेबलावर फेकले आणि बाहेर आले. पुढच्या आठवड्यात गेले. त्याच्या पुढच्याही. चौथ्या खेपेला पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, मान खाली घालून म्हणाला, "दीदी, ऑर्डर है." यमुना बसपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मासळीवालीची पोर तू, नि आधी पाटी रिकामी केलीस, मंग भाव इचारलास?" याहून मोठी शिवी मला आजवर कोणी दिलेली नाही.

आज बोईसरला माझं स्वतःचं वाइंडिंगचं वर्कशॉप आहे. कामाला मुली आहेत, वेढे मोजणारी यंत्रं आहेत, कोणाचा डबा उघडला जात नाही. केराचं तांबं ज्याला हवं त्याने न्यावं, मी फक्त झाडूवालीला आधी विचारते. आय गेली. शेवटपर्यंत विसावर एक देत होती आणि शेवटपर्यंत बोईसरच्या बाजारात पुन्हा पाटी घेऊन बसली नाही. पालघरला जायची, लांब पडायचं तरी. एवढं सगळं मी गिळलं होतं. पण गेल्या महिन्यात कारखानदारांच्या एका समारंभात सबनीससाहेबांचा सत्कार झाला. मला आमंत्रण होतं, कारण आता मी कारखानदार. शाल, श्रीफळ, मागे स्पीकर, त्यातून येणारा आवाज अगदी स्वच्छ. स्मरणिकेत साहेबांचा लेख होता. त्यात एका परिच्छेदात लिहिलंय, की सखोल अभ्यासाने त्यांनी वेढ्यांची खरी संख्या दोनशे दहा असल्याचं शोधून काढलं. आणि पुढच्याच परिच्छेदात, की वाइंडिंग खात्यातल्या बायकांची तारेची चोरी त्यांनी कडक तपासणी करून बंद पाडली.

साहेब, तुम्ही आता म्हातारे झालात, मीही झाले. मला शाल नको, नारळ नको. माझा हिशेब दोन ओळींचा आहे आणि तो तुम्हाला जमेल, तुम्ही इंजिनीअर आहात. कॉइलीत दोनशे दहा वेढे होते, तर तार कॉइलीत होती. तार कॉइलीत होती, तर ती माझ्या डब्यात नव्हती. तुमचे दोन्ही परिच्छेद एका कागदावर खरे असू शकत नाहीत. त्यातला एक खोडा. कुठला ते तुम्ही ठरवा, पण जो खोडाल तो बोईसरच्या बाजारात, आयच्या जुन्या जागेपाशी उभे राहून, मोठ्याने वाचून खोडा. लाल पेन मी घेऊन येते.